नांगरावरचा संसार

समुद्रप्रवासाच्या पुस्तकांना एक जुनी खोड आहे. वादळाला दहा पानं आणि मुक्कामाला एक ओळ. नांगर टाकला, पाणी भरून घेतलं, पुढे निघालो, असं लिहून लेखक मोकळा होतो. त्या दोन स्वल्पविरामांच्या मध्ये कधीकधी चार महिने गेलेले असतात. तेवढ्या काळात काय शिजलं, कपडे कुठे वाळले, तुंबलेला संडास कोणी उघडला, रात्री दोनला वारा फिरला तेव्हा कोण उठून वर गेलं, यातलं काही वाचकाच्या हाती लागत नाही. शिडाच्या नौकेवर घर करून देशोदेशी फिरणारी माणसं वर्षातले फार थोडे दिवस खुल्या समुद्रात असतात. कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडायला तीनेक आठवडे लागतात. पलीकडे पोचल्यावर तीच नौका अख्खा हिवाळा कुठल्या तरी बेटाच्या आडोशाला नांगरावर झुलत असते. म्हणजे दिवस जिथे गेले तिथलीच पानं कोरी.

ती कोरी पानं भरायला हे पुस्तक लिहिलं गेलं आहे. लेखिका माझी जुनी मैत्रीण. ती आणि तिचा नवरा ३८ फुटी नौकेवर सहा हिवाळे राहिले, त्यातले चार बहामा बेटांत. एका फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे १९ दिवस पाहुणा होतो. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच. बाकी मी रत्नागिरीला भाट्ये खाडीच्या काठी वाढलो. होड्यांचं वेड होतं, पण ते काठावरून.

बहामात ग्रेट एक्झुमा नावाचं एक लांबट बेट आहे. त्याच्यासमोर स्टॉकिंग आयलंड, आणि दोन्हींच्या मध्ये एलिझाबेथ हार्बर. कर्कवृत्त इथून अगदी जवळून जातं. हिवाळ्यात इथे दोन-तीनशे नौका नांगरलेल्या असतात, बहुतेक अमेरिका आणि कॅनडातून आलेल्या. पुढे कॅरिबियनला जायचं म्हणून घरून निघालेले कितीतरी जण इथेच अडखळतात, कारण इथून पुढची वाट नेहमीच्या वाऱ्याच्या तोंडावर जाते. म्हणून या बंदराला ‘चिकन हार्बर’, भित्र्यांचं बंदर, असं टोपणनाव पडलं आहे. राहणारेही ते हसत हसत सांगतात. सकाळी व्हीएचएफ रेडिओवर सगळ्या नौकांची सभा भरते. हवामान कसं आहे, सामान घेऊन येणारी मेलबोट आली का, कोणाकडे जादा पंखा आहे का, कोणाची डिंगी, म्हणजे किनाऱ्याला ये-जा करायची छोटी होडी, रात्री सुटून गेली. गावातल्या पारावर जे चालतं तेच, फक्त एका वेळी एकानेच बोलायचं.

पहिल्याच सकाळी मैत्रिणीने वरणभाताचा कुकर लावला. वारा पडलेला, पाणी आरशासारखं; अशा वेळी आवाज पाण्यावरून फार लांब जातो. दुसऱ्या शिट्टीला रेडिओ खरखरला. शेजारच्या नौकेवरचे आजोबा विचारत होते, तुमच्याकडे कसला अलार्म वाजतोय, मदतीला येऊ का? ती शांतपणे म्हणाली, “तिसरी झाली की आपोआप बंद होईल.” नौकेवर राहून हिंडण्याच्या, म्हणजे क्रूझिंगच्या, जुन्या इंग्रजी पुस्तकांतही प्रेशर कुकरची शिफारस हटकून असते, कारण त्याने गॅस वाचतो आणि झाकण घट्ट बसत असल्याने नौका हेलकावली तरी आतलं सांडत नाही. पण त्यांचे कुकर बहुधा शिट्टी देत नाहीत. आमचा प्रसिद्ध झाला.

आता नांगराकडे वळतो, कारण सगळा संसार त्याच्यावर उभा असतो.

मराठीत शेतातला नांगर आणि समुद्रातला नांगर यांना एकच शब्द आहे. लहानपणी त्यात मला काही विशेष वाटलं नाही. इंग्रजांना मात्र नांगराच्या फाळासारखा नांगर करायला १९३३ साल उजाडलं. केंब्रिजचे जी. आय. टेलर, प्रवाहांच्या खळबळीवर मूलभूत काम केलेले शास्त्रज्ञ, हे हौशी दर्यावर्दी होते. जुन्या पद्धतीचा नांगर जड पडतो म्हणून त्यांनी शेतातल्या फाळासारखा आकार काढला आणि त्याला सीक्यूआर नाव दिलं. ही अक्षरं भरभर म्हटली की ‘सुरक्षित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ऐकू येतो. (टेलरांची आजी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. एका घराण्याचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला लागलं, आणि त्यातलाच एक जण समुद्रतळाच्या चिखलात डोकं घालून बसला.) सीक्यूआरनंतर डॅनफोर्थ आला, ब्रूस आला, या शतकात न्यूझीलंडचा रोकना आला. कुठला चांगला, यावरून नौकावाल्यांत जे वाद होतात ते ऐकून मला आपल्याकडची देवगड की रत्नागिरी ही आंब्याची भांडणं आठवली. पुरावे दोन्ही बाजूंकडे भरपूर, आणि मत कोणाचंच बदलत नाही.

नांगर केवळ वजनाने धरत नाही. साखळी तळावर आडवी पडलेली असली आणि ओढ आडवी लागली, तर फाळ वाळूत आणखी रुततो; ओढ वर लागली की तो उपटून येतो. म्हणून साखळी खोलीच्या कैक पट सोडायची. भरतीला पाणी तीन मीटर, नौकेचं नाक पाण्यावर एक मीटर, मिळून चार. त्याची पाचपट, म्हणजे २० मीटर साखळी. वारा वाढणार असला तर आणखी. बहामात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक मीटर असल्यामुळे हे गणित सोपं आहे. मुंबईजवळ उधाणाला हाच फरक चार-पाच मीटर होतो. ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकणाऱ्याला भरतीला आठ मीटर मिळतात, साखळी ४५ मीटर लागते, आणि पुन्हा पाणी उतरलं की तेवढ्या लांब दाव्यावर नौका मोठ्या घेऱ्यात फिरते. दाव्याला बांधलेल्या म्हशीचा घेर जसा सांभाळावा लागतो तसाच इथे शेजाऱ्याचा. आधी नांगरलेल्याचा हक्क पहिला. नंतर येणाऱ्याने त्याच्या घेऱ्याबाहेर राहायचं. ही जगभरची रीत आहे आणि ती मोडणारेही जगभर आहेत.

एलिझाबेथ हार्बरमध्ये हिवाळ्याचं पंचांग ठरवतात त्या उत्तर अमेरिकेतून उतरणाऱ्या थंड आघाड्या. एरवी वारा पूर्वेचा. आघाडी जवळ आली की तो आग्नेयेकडून दक्षिणेला, मग नैर्ऋत्येला, पश्चिमेला असा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, आणि आघाडी डोक्यावरून गेली की वायव्येकडून जोरात सुटतो. काल ज्या बाजूला आडोसा होता ती आज उघडी पडते. शंभर नौका एकदम फिरतात, आणि काल ज्याची पाठ आपल्याकडे होती त्याचं तोंड आज आपल्या खिडकीत येतं. माझ्या मुक्कामात अशी एक आघाडी रात्री दोनच्या सुमाराला आली. मी उठून वर गेलो तर मैत्रिणीचा नवरा नाळेवर, म्हणजे नौकेच्या नाकावर, उकिडवा बसून साखळीवर हात ठेवून होता. नौका सरकली की वाजणारा जीपीएसचा अलार्म लावलेला होता, तरी हात साखळीवरच. म्हणाला, “नांगर घसरत असला तर साखळी गुरगुरते. दगडावरून बैलगाडी गेल्यासारखी. आत्ता गप्प आहे.” मीही हात ठेवून पाहिला. थंड, ओलं, ताणलेलं लोखंड आणि त्यात काहीच नाही. इतकं समाधान देणारं काहीच-नाही मी क्वचित अनुभवलं आहे. त्या रात्री तिसऱ्याच कोणाच्या नौकेचा नांगर घसरला. ती आमच्यापासून दहा हातांवरून गेली आणि चार डिंग्या तिला धरायला धावल्या. सकाळी रेडिओवर तिच्या मालकाने आभार मानले, आपला नांगर कुठला ते मात्र सांगितलं नाही.

नौकेवरचा बाकी दिवस हिशेबात जातो. बहामात एकही नदी नाही; सगळी बेटं चुनखडीची, सखल. टाकीत ३०० लिटर गोडं पाणी, दोन माणसं, आणि खारं पाणी गाळून गोडं करणारं छोटं यंत्र. पाण्याला पडद्यातून ढकलायला हवेच्या दाबाच्या पन्नासपट दाब लागतो. ही माणसं आंघोळ समुद्रात करतात. शेवटी डोक्यावरून दोन लिटर गोडं पाणी. भांडी आधी खाऱ्या पाण्यात. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतल्या उपनगरातून आलेल्यांना मात्र याची सवय व्हायला महिनाभर लागतो, असं मैत्रीण म्हणते. विजेचंही तसंच. फ्रीज दिवसाला बॅटरीतून ५० ते ६० अँपिअर-तास खातो. १०० वॉटचं सौरपॅनल चांगल्या उन्हात तीसेक देतं. ढगाळ दिवशी मासे आधी खायचे, दही नंतर. गॅसची भीती सर्वांत मोठी, कारण गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून वाट काढतो. नौकेच्या पोटाला खालच्या बाजूने दार नसतं, तिथे तो साचून राहतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या, समुद्राकडे भोक असलेल्या कप्प्यात, आणि आतला खटका प्रत्येक स्वयंपाकानंतर बंद. मी तो दोनदा विसरलो. दोन्ही वेळा मला कोणी काही बोललं नाही, फक्त खटका बंद झाल्याचा आवाज जरा मोठा आला.

आता या सगळ्याचा इतिहास. शिडाची छोटी नौका घेऊन केवळ हौसेने हिंडायची रीत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी रुळवली. त्यांचा रॉयल क्रूझिंग क्लब १८८० चा. पण जगाचं लक्ष वेधलं ते जोशुआ स्लोकमने. १८९५ ते १८९८ मध्ये ‘स्प्रे’ या जुन्या, स्वतः नव्याने बांधलेल्या नौकेतून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १९०० मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला सगळ्यांना आठवणारा प्रसंग नांगरावरचाच आहे. मॅगेलन सामुद्रधुनीत रात्री झोपताना त्याने डेकवर सतरंजीला मारायच्या चुका उलट्या पसरून ठेवल्या, आणि अनवाणी चढलेले स्थानिक किंचाळत होड्यांत आणि पाण्यात पडले. शंभर वर्षं वाचक या गोष्टीवर हसत आले. मी आता हसत नाही. ती माणसं स्वतःच्या खाडीत होती आणि परका तो होता. नांगर टाकणारा नेहमी कोणाच्या तरी दारात असतो, ही गोष्ट या साहित्याला फार उशिरा सुचली.

स्लोकमपासून एकट्या वीरांची परंपरा निघते. तिचा कळस १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत. तीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, जग पालथं घातलं. आणि बर्नार्ड म्वातेसिए या फ्रेंच माणसाने शर्यत सोडून देऊन सरळ ताहिती गाठलं. दुसरी परंपरा जोडप्यांची. एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी १९५२ ते ५५ मध्ये ३० फुटी ‘वाँडरर ३’ मधून प्रदक्षिणा केली. एरिकचं १९५० चं पुस्तक एका पिढीचं क्रमिक पुस्तक ठरलं. दोर कसा बांधावा इथपासून दिव्यात तेल कसं घालावं इथपर्यंत सगळं त्यात सापडतं. पुढे दोन पंथ पडले. लिन आणि लॅरी पार्डी यांनी इंजिन न बसवता, तेलाचे दिवे लावून दोन नौकांतून जग फिरून दाखवलं. ॲनी हिलने १९९३ मध्ये अगदी थोड्या पैशांत हे कसं जमतं याचा जमाखर्च मांडला. हा साधेपणाचा पंथ. दुसरा सोयींचा: जनरेटर, डीप फ्रीझर, ऐसपैस कॅटामरान. दोन्ही पंथ एकमेकांना हसतात आणि संध्याकाळी एकाच किनाऱ्यावर जमतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॅमेऱ्यासमोर जगणाऱ्यांचा तिसरा पंथ निघाला आहे. त्यांनी एक चांगलं केलं: तुंबलेला संडास अखेर पडद्यावर आला.

पण मला विचाराल तर या जगण्याचा खरा दस्तऐवज नावाजलेल्या पुस्तकांत नाही. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात नौकेवर राहणाऱ्या काही जोडप्यांनी सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन काढली. तिचं पत्रक सभासदांच्या पत्रांचंच असे: अमुक खाडीत चिखल चांगला धरतो, तमुक गावात पाणी कुठे मिळतं. ती पत्रं लिहिणाऱ्यांत बायकाही होत्या. गाजलेल्या पुस्तकांत त्याच बायका ‘माझी पत्नी आणि खलाशी’ म्हणून येतात. नौकावाले आजही ‘गुलाबी कामं’ आणि ‘निळी कामं’ म्हणतात; इंजिन निळं, स्वयंपाक गुलाबी, आणि संडास ज्याला आधी वास येईल त्याचा. या पुस्तकाची लेखिका त्यावर चिडते, आणि मला वाटतं ती पुरेशी चिडत नाही.

हे आत्ताच का वाचायचं? एक तर नांगर टाकायचं स्वातंत्र्य आक्रसतं आहे, आणि त्याची कारणं नेहमी चुकीची नाहीत. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाचं गवत तळावर कुरणासारखं वाढतं. नांगर ते शब्दशः नांगरून टाकतो आणि ते भरून यायला दशकं लागतात. फ्रान्सने २४ मीटर आणि त्याहून लांब नौकांना त्या कुरणांवर नांगर टाकायला मनाई केली. बहामाने २०२५ मध्ये परदेशी नौकांवरचं शुल्क बरंच वाढवलं. चिकन हार्बरमध्ये कुरकुर झाली असणारच. पण ग्रेट एक्झुमाच्या माणसांकडून पाहिलं तर त्यांच्या अंगणात हिवाळाभर दोनतीनशे घरं येऊन उभी राहतात. त्यांची स्वतःची शिडं वेगळी आहेत: १९५४ पासून तिथे बहामाच्या लाकडी स्लूप नौकांची शर्यत भरते. तीत खलाशी नौकेबाहेर काढलेल्या फळीवर ओळीने बसून तोल सावरतात. त्या शर्यतीवर एक प्रकरण या पुस्तकात आहे आणि मला ते सर्वांत आवडलं. दुसरं, २०२० च्या साथीत देशोदेशीच्या सीमा बंद झाल्या आणि शेकडो नौका जिथे होत्या तिथे अडकल्या. किनारा समोर, उतरायला बंदी. आपणही तेव्हा घरात बसून पाणी, धान्य आणि शेजारी मोजले होते.

आणि आपलं काय? नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहेली’ सागवानाची, मुंबईत बांधलेली. ती १९६५ मध्ये इथूनच निघाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; अशी करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात घडली. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. संसार मांडायची हौस मात्र रुजली नाही. पावसाळ्यात चार महिने किनारा बंद, उधाणाचा मोठा फरक, परवानग्यांचे कागद, परदेशी जायचं तर देशोदेशीचे व्हिसा. कारणं पटण्याजोगी आहेत. पण नांगरावर जगणारी मराठी माणसं नाहीत असं मात्र म्हणू नये. मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी आठवडा-आठवडा राहतात, स्टोव्हवर कालवण करतात, पिंपातलं पाणी पुरवून वापरतात. त्यांची वही कोणी ठेवलेली नाही.

या पुस्तकाने ती उणीव भरून काढलेली नाही, तसा त्याचा दावाही नाही. ते एका जोडप्याचं, एका नौकेचं आणि बहुतांशी एका बंदराचं आहे. प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेणाऱ्याची निराशा होईल. शंभरेक पानांत नौका एकदाही हलत नाही. लेखिकेने रोजनिशी, पाण्याचा हिशेब, दुरुस्त्यांच्या याद्या आणि रेडिओवरची संभाषणं यांतून ते विणलं आहे, आणि एक काम हट्टाने केलं आहे: जिथे कोकणात शब्द आहे तिथे इंग्रजी वापरलेला नाही. नाळ, सुकाणू, डोलकाठी, उधाण, भांग हे तर आलेच. पण काही जागी तिला शब्द सापडला नाही आणि तिने साधं वर्णन करून वेळ मारून नेली आहे. वाऱ्याचा झटका साखळीवर येऊ नये म्हणून तिला नायलॉनचा जो लवचीक दोर बांधतात, त्याला राजिवड्याला, मालवणला, वेंगुर्ल्याला, दाभोळला काही म्हणतात का? किनाऱ्यावरच्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर प्रकाशकांना कळवावं. दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द घालायचा आहे.